'जे' लिहिलं की

बालाघाट, मंगळवार, संध्याकाळ

बातमीत वाचलं, या टॅबलेटची कंपनी फोनच्या धंद्यातच बुडत चालली आहे. मग तिनं टॅबलेट बनवणं सोडावं का? मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तोट्याचा धंदा काहून चालवतीन? तू दुसरा घे."

हिशेबानं तिचंच खरं. पण हा बिघडला तर दुरुस्त कोण करणार? टॅबलेट ह्यांचा. तिरोडीच्या खाणीवरून रोज दुपारी यावरूनच लिहून मला विचारायचे. ते गेले, तरी 'जे' लिहिलं की हा अजून त्यांचेच शब्द पुढे करतो, 'जेवली काय?' दुसरा कुठून करेल? तोटा सोसून बनवत राहा, असं कंपनीला कोणत्या तोंडानं सांगू?

आज ते दाबून पाहिलं. लगेच पुढचं आलं, 'मंग झोप जराशी.'

मी जेवलेच नव्हते. उठून भात टाकला.