जबड्याचा जप

वर्धा, १० मार्च १९८१, मंगळवार

आज पुन्हा तेच. हे गेल्यापासून झोपेसाठी म्हणून डॉक्टरची गोळी वर्षानुवर्षं घेते आहे, आणि आता जबडा आपोआप हलतो. मिशनच्या शाळेत सिस्टर तोंड मिटून चावायला शिकवत. इथे तोंडात काही नसताना चावणं चालू!

संध्याकाळी डॉक्टरला स्पष्ट म्हटलं, हे गोळीमुळेच. तो हसला. "बाई, वय झालं आता."

"वय सगळ्या अंगाचं झालं. मग एकटा जबडाच कसा हलतो?"

त्याने पुन्हा तीच गोळी लिहून दिली.

घरी आले तर शेजारची शांता पायाच पडली. "बाई, किती जप करून राह्यल्या तुम्ही! माह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवा नं, उद्या तिचा पेपर हाय."

जप? मी? देवळात शेवटची कधी गेले, आठवतही नाही. तिला झापणार होते, पण जबडा थांबेना, शब्द फुटेना. शेवटी ठेवला हात.

डॉक्टर म्हणतो म्हातारी, ही म्हणते साध्वी. आजारी म्हणायला कोणी तयार नाही. गोळी पुढ्यात आहे. फेकून द्यावी? पण फार थकले आहे, आणि झोप हवी आहे. घेतेच.