तपासलेल्या मातीचं अंगण

१४ ऑक्टोबर
आज रुजू झाले. पोलादपूरहून सकाळच्या एसटीने महाड, तिथून कामगारांच्या बसने एमआयडीसी. आजपासून राहायला महाडलाच खोली. बंद पडलेल्या एका तेल कारखान्याची जागा आहे. जुनं काळं तेल वर्षानुवर्षं तिथल्या जमिनीत मुरलंय. ती माती साफ करायची, मग तिथे वसाहत उभी राहणार. माती तपासणार मी. ओळखपत्रावरचा फोटोही बरा आलाय. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. शेजारच्या सुंदराबाईने सकाळी आईला विचारलं होतं, माती बघायला एवढं शिकायला लागतं काय गो? आई हसली आणि माझा डबा आणखी दाबून भरला.

१९ ऑक्टोबर
काम आवडतंय. तेलकट माती उकरून तिचे ढीग घालतात, भुसा आणि शेणखत मिसळतात, पाणी मारतात, सुनील जेसीबीने ती खालवर करतो. शेणातले जिवाणू तेल खातात. माती हळूहळू तांबूस होते, वास जातो. प्रत्येक नमुना मी दोनदा तपासते. अरविंद साहेब, म्हणजे ठेकेदार, सगळ्यांदेखत म्हणाले की मॅडमचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नाही. ढिगात खोलवर नमुन्याची नळी घालू दिली नाही, ढीग ढासळतो म्हणाले. मी मानलं. माती स्वच्छ निघाली, सही केली.

२७ ऑक्टोबर
अंगणं करायचे दिवस. पावसाने धुपलेलं अंगण उकरायचं, नवी माती घालून चोपायची, शेणाने सारवायचं, मग तुळशीचं लग्न. साहेबांनी साफ झालेली माती गावांना फुकट द्यायला काढलीय. मी आमच्यासाठी एक डंपर मागितला, लगेच मिळाला. बाबा मुंबईला, म्हणून आईने आणि सुंदराबाईने मिळून अंगण चोपलं. मला फार अभिमान वाटला.

५ नोव्हेंबर
सुनीलने आज खाली बघत सांगितलं की ढिगाचा वरचा थर तेवढा साफ होता, खालची माती साहेबांनी तशीच डंपरमध्ये भरायला लावली. मी नळी खोल घातली. काळंभोर. साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
“मॅडम, माती तुमच्या सहीवर गेलीय. परत आणायची तर तुम्हीच आणा.”
मग चहा मागवला. मी तो प्यायले.

८ नोव्हेंबर
रजा टाकून घरी आले. अंगण काढून टाकू म्हटलं तर आई ऐकत नाही. सारवण अजून ओलं आहे. वाळत घातलेलं भात तेलकट झालंय. घरभर आईची काळी पावलं. तिचे पाय धुतले, पुसले. टाचांच्या भेगांतून पुन्हा काळं आलं. मी वासाबद्दल विचारलं.
“वास? कसला वास हाय गो? मला तर काय येत नाय.”

९ नोव्हेंबर
सुंदराबाई सकाळपासून आमच्या अंगणात उभी आहे. पायांना गार वाटतं म्हणते. जेवायलाही गेली नाही.

१० नोव्हेंबर
अंगणात कुदळ मारली. आतून कोमट तेल वर आलं आणि खड्डा मिटला. वर सारवणही जसंच्या तसं. साहेबांना फोन केला. म्हणाले, रविवारी वसाहतीचं भूमिपूजन आहे, साडी नेसून या.

११ नोव्हेंबर
सुंदराबाई नाही. तिच्या चपला अंगणाच्या कडेला. ती उभी होती तिथे माती जरा उंच. आई म्हणते, गेली असेल मुंबईला लेकाकडे. चपला न घालता —

१२ नोव्हेंबर
आईला घेऊन निघायचं ठरवलं. बॅग भरली. मागच्या दाराने —
ती पुढच्या दाराने गेली.

दुपार
आई तुळशीपाशी उभी आहे. घोट्यापर्यंत आत. माती कुठेही फुटलेली नाही. हाका मारल्या, कोणी येत नाही. सगळ्यांच्या अंगणात हीच माती —

आता गुडघ्यापर्यंत. दोरी टाकली, ती धरत नाही. हसतेय. हात पुढे केलाय.
“ये गो. भितेस काय? तूच ना तपासलीस.”

दोरी खांबाला बांधली, दुसरं टोक कमरेला. उंबऱ्यावर उभी आहे. तिचा पदर अजून वर आहे, तेवढा हाताला लागला तर —