कोपऱ्यातल्या कमळाचा निकाल

येलहंका, बेंगळुरू
बुधवार (पण अंगात अजून रविवारच आहे)

तीर्थरूप अप्पासाहेब दादांना धाकट्या महानंदाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. (ही लिहायची रीत झाली. लेक रुसली आहे आणि सून डोक्यावर घेतल्यासारखी झाली आहे, ते वगळून बाकीचे खुशाल, असं वाचावं.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला का? तंबाखू सोडा असं मी म्हणणार नाही, निपाणीच्या माणसाला ते सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही माझ्या दुसऱ्याच वाक्याला ‘बरं बरं, ठेवू का?’ म्हणता, आणि ही हकिकत तशी ठेवून देण्याजोगी नाही.

दादा, परवाच्या रविवारी तुमच्या बहिणीनं भारताची क्रिकेटची फायनल बंद पाडली. म्हणजे ती तिकडे परदेशात झाली, व्यवस्थित झाली असणार. पण आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत वसाहतीत, ती कोणी बघितली नाही, आणि ह्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. त्याचं असं झालं, की आमच्याकडे दरवर्षी गल्ल्यांचा, म्हणजे इथल्या भाषेत क्रॉसांचा, बायकांचा थ्रोबॉल होतो. व्हॉलीबॉलसारखंच जाळं, फक्त चेंडू झेलायचा आणि पलीकडे फेकायचा. ज्या क्रॉसमध्ये राहता त्याच्याकडूनच खेळायचं, माहेर चालत नाही. यंदा शेवटची गाठ पडली थर्ड क्रॉस आणि फोर्थ क्रॉसची. आमच्या थर्ड क्रॉसची कॅप्टन माझी सून, अजिंक्यची सिद्धी. (पुण्याहून आली तेव्हा ‘ॲक्च्युअली आई, थ्रोबॉल हा काही प्रॉपर स्पोर्ट नाही’ म्हणाली होती. आता झोपेतही झेल घेते, अजिंक्यच्या नाकावर एकदा घेतलाच.) आणि फोर्थ क्रॉसची कॅप्टन माझी लेक रंजिता, जी लग्न करून इतकी दूर गेली की तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला माझ्या ओट्यावरून ऐकू येतात.

तर नेमकी त्याच संध्याकाळी भारताची फायनल आली. आमच्या कमिटीचे अध्यक्ष विलासराव, मूळचे नागपूरचे, माणूस सोन्यासारखा, पण देशाभिमान मोठ्या पडद्याशिवाय दिसत नाही अशी त्यांची समजूत. त्यांनी परस्पर ठरवलं, की मैदानात पडदा लावायचा आणि थ्रोबॉल पुढे कधीतरी. ‘वहिनी, देशापुढे गल्ली काय?’ असं मला भर मीटिंगमध्ये विचारलं. पोरींनी महिनाभर पहाटे उठून घाम गाळला होता हो, दादा! मला असा संताप आला, की मी बसल्या जागेवरून उभी राहिले आणि गुडघ्याचं दुखणंही विसरले.

अजिंक्य आयटीत असल्यामुळे जगाची माहिती घरात फुकट मिळते, ती मी तिथे वापरली. म्हटलं, विलासराव, अमेरिका काय लहान देश आहे? तिथली माणसं आपापल्या शहरांचेच संघ आपसात खेळवतात आणि जिंकेल त्याला जगज्जेता म्हणून मोकळी होतात. ऑस्ट्रेलियात एक फुटबॉल आहे, तो बाकी जगात कोणी फारसं खेळत नाही, तरी त्यांची मैदानं भरतात. आयर्लंडात तर आपल्या गावाकडून बिनपगारी खेळतात, आणि अख्खा देश ते बघायला लोटतो. का? कारण परदेशाशी सामना म्हणजे जत्रा, वर्षादोन वर्षांनी भरणार. आणि घरचा खेळ म्हणजे देवघरातला दिवा, तो रोज लावायचा. शिवाय भारताचा कॅप्टन हरला तर तो मला ओळखत नाही, मी रडले तरी त्याला कळणार नाही. फोर्थ क्रॉसची कॅप्टन हरली तर ती सोमवारी सकाळी माझ्याकडेच विरजण मागायला येणार आहे. जगज्जेता व्हायला जग लागत नाही, शेजार लागतो. (हे वाक्य मला तिथेच सुचलं. सिद्धीनं ते टी-शर्टावर छापायचं म्हटलंय.)

टाळ्या पडल्या. विलासरावांनी मधला मार्ग काढला, की मैदानाच्या एका टोकाला पडदा आणि दुसऱ्या टोकाला जाळं. आणि मला रेषेवरची पंच नेमून टाकलं. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला सून, म्हणजे हिला पक्षपात करायची सोयच नाही, असा त्यांचा हिशेब. (सूड म्हणतात तो हाच.)

आता माझा घोटाळा सांगते. चुन्याची फक्की मिळाली नाही, म्हणून मैदानाच्या रेषा मी रांगोळीनं आखल्या. रेषा सुरेख आल्या. पण दादा, आईनं लावलेली सवय, हातात रांगोळी असली की कोपरा मोकळा सोडवत नाही. चारी कोपऱ्यांत मी एकेक कमळ काढलं. निम्म्या पाकळ्या रेषेच्या आत, निम्म्या बाहेर. गंगव्वा शेजारीण म्हणालीसुद्धा, ‘चंद ऐती अक्का, छानच झालंय, पण चेंडू ह्याच्यावर पडला म्हणजे?’ मी म्हटलं, एवढ्या मोठ्या मैदानात तो कशाला माझ्या कमळावर पडतोय!

तो तिथेच पडला. दोन्ही बाजू बरोबरीत, शेवटचा गुण. तोवर पडद्यासमोरच्या खुर्च्या एकेक करून आमच्याकडे वळल्या होत्या. विलासराव तेवढे देशाशी इमान राखून एकटे बसले होते, पण त्यांच्या स्मितावहिनींनी आमच्याकडून एक झेल असा काही घेतला, की त्यांचीही खुर्ची फिरली. गंगव्वा कुणीही गुण घेतला तरी ‘नम्म हुडुगी! आपलीच पोरगी!’ म्हणून ओरडत होती. अशात रंजितानं चेंडू फेकला, सिद्धीनं सूर मारला, पण चेंडू तिच्या बोटांपुढून निसटून थेट माझ्या पायाशी, कमळावर. चेंडूला रांगोळी लागलेली. पण कुठली, आतली की बाहेरची? सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातात झेंडा, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी तुमच्याकडे पळून यावंसं वाटलं.

तेवढ्यात सिद्धी उठली. कोपराला खरचटलेलं, अंगभर माती. कमळाशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘आई, आतली पाकळी पुसली गेलीय. चेंडू आत आहे. त्या जिंकल्या.’

दादा, जी पोरगी मला भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कबूल करत नाही, ती! मी झेंडा टाकला आणि भर मैदानात तिला मिठी मारली. कप घेऊन रंजिता शेजारीच उभी होती. तिचं म्हणणं, ‘जिंकले मी आणि मिठी तिला?’ तेव्हापासून माझ्याकडचं विरजण बंद आहे. पण मनातून सांगते, अशी लेक आणि अशी सून एकाच मैदानात समोरासमोर बघायचं भाग्य कुठल्या देशाच्या कुठल्या कॅप्टनच्या आईला मिळालं असेल? बाहेरून आणलेलं एकही माणूस नाही, सगळं आपल्या गल्लीत पिकलेलं. ह्यालाच मी खेळ म्हणते.

वहिनींना नमस्कार, लहानांना पापा. उत्तर सवडीनं लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
महानंदा

ता. क. उत्तर सवडीनं नको, लगेच हवं. तुमची लेक भूमिका कॉलेजच्या थ्रोबॉल संघात होती आणि आता बेंगळुरात नोकरी बघतेय, असं वहिनी म्हणाल्या. तिनं आत्याकडेच राहावं. सिद्धीनं मागची खोली आवरून ठेवली आहे. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. पण नियमाप्रमाणे दिवाळीपासून जी थर्ड क्रॉसमध्ये राहते, ती पुढच्या सामन्यात थर्ड क्रॉसची. (बाहेरून आणलेलं माणूस म्हणू नका. सख्ख्या भावाची पोर परकी कशी?)

ता. क. दुसरा. त्या रविवारी भारताचं काय झालं हो? मीटिंगमधल्या भाषणानंतर मला इथे कुणाला विचारायची सोय राहिलेली नाही. दोन ओळी लिहा.

ता. क. तिसरा, घाईघाईत. गंगव्वाकडून आत्ताच कळलं, की रंजिता शनिवारी ‘मामाला सहज भेटून येते’ म्हणून निपाणीला निघाली आहे, सोबत मोठा डबा भरून मैसूरपाक. म्हणून हे पत्र स्पीडपोस्टानं पाठवतेय. मैसूरपाक ठेवून घ्या, पोरगी देऊ नका.