एक की दोन

प्रिय भिंगरी,

मागच्या रविवारी तू फोनवर सहज विचारलंस, "आई, मी नॉर्मल झाले की सिझेरियन?" वर्गात कसलासा फॉर्म भरून घेत होते म्हणालीस. मी "नॉर्मल" म्हटलं, तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. गेले चार दिवस मी प्रेसमध्ये प्रुफं वाचत दुसऱ्यांच्या चुका शोधतेय आणि स्वतःची एक चूक मनात खुपतेय. म्हणून उरलेलं अर्धं आज लिहून टाकते. फोनवर जमणार नाही. तुझ्यामागे हॉस्टेलचा गलका असतो आणि मला मध्येच रडू आलं तर तू उगाच घाबरशील.

तू वाढलीस माझ्याच पोटात, पूर्ण दिवस, लाथा झाडत. पण तुझी सुरुवात तिथे झाली नाही. लग्नाला सात वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. मग माझं बीज आणि बाबांचं बीज हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर एका काचेच्या बशीत एकत्र केलं. तीन दिवस तू त्या बशीत होतीस. हे वाक्य मी अठरा वर्षं मनात जुळवत होते आणि आता लिहिलं तर दीड ओळीत मावलं.

आमच्या डॉक्टरबाई फार मोजकं बोलायच्या. एकदा त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तेव्हाची पद्धत अशी होती की बशीत तयार झालेल्या गर्भांपैकी दोन पोटात ठेवायचे, म्हणजे निदान एक तरी राहील. पण दोन्ही राहिले की जुळी व्हायची, पुष्कळदा दिवस भरायच्या आधीच, आणि आईच्याही जिवाशी गाठ पडायची. बाईंचा प्रश्न होता, एकच ठेवला आणि दुसरा पुढच्या वेळेसाठी गोठवून ठेवला, तर बाळ घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी होतील का? बाबांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय." तोवर मी कितीतरी डॉक्टर पाहिले होते आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं. माहीत नाही म्हणणारी ही पहिली. तिच्यावर माझा तिथेच विश्वास बसला.

हे शोधायला बाईंनी एक अभ्यास काढला होता, निम्म्या बायकांना एक ठेवायचा आणि निम्म्यांना दोन, आणि त्याचं संमतीपत्र नऊ पानांचं होतं. ते वाचून मी पेन्सिलने तीन चुका काढून दिल्या. बाई हसल्या, म्हणाल्या, आजवर एवढं कुणी वाचलंच नव्हतं. एक की दोन हे ना त्या ठरवणार होत्या ना आम्ही. कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार होता. सही करताना माझ्या मनात एकच होतं, दोन पडू देत. पडला एक. मी जिन्यात बसून रडले. बाबा शेजारच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "अगं, एवढी मोठी बस असते, तिलाही ड्रायव्हर एकच लागतो." मला हसूही आलं आणि रागही आला.

त्याच सकाळी बाकावर माझ्या शेजारी जी बसली होती तिला दोन पडले. ती म्हणजे आपली टेलरताई, तुझे शाळेचे सगळे युनिफॉर्म शिवणारी. आमची ओळख त्या बाकावरची. तिचा मला इतका हेवा वाटला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिच्याबद्दल पुढे जे लिहितेय ते तिला विचारून लिहितेय.

पोटात ठेवण्याआधी त्यांनी तुला पडद्यावर दाखवलं. आठ पेशी, साबणाच्या फेसातले बुडबुडे एकमेकांना चिकटावेत तशा. मी आडवी होते, पाय आखडले होते, खोलीत गारठा होता, आणि मी ते आठ बुडबुडे बघत राहिले. मग सोनोग्राफीच्या करड्या पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकत आला आणि थांबला. सिस्टर म्हणाली, "पोचलं." त्या ठिपक्याने पुढे चालायला, भांडायला आणि दार आपटायला शिकावं, हे मला अजून खरं वाटत नाही. तू स्वयंपाकघरात पाणी पीत उभी असलीस तरी कधी कधी मला तो पडदाच दिसतो.

तू राहिलीस. टेलरताईचेही दोन्ही राहिले. सातव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर एकाएकी चढलं आणि त्याच दिवशी तिच्या मुलींना बाहेर काढावं लागलं. दोघी किलोच्याही आतल्या. मी एवढं मोठं पोट घेऊन तिला भेटायला गेले. काचेच्या पेटीच्या भोकातून तिने एक बोट आत घातलं होतं आणि मुलीच्या मुठीने ते धरलं होतं. ती मागे न बघता म्हणाली, "तू बस गं, उभी राहू नकोस." मोठी अकरा दिवस जगली. धाकटीला तू ओळखतेस. ती जाड चष्म्याची, तुझ्याहून अडीच महिन्यांनी मोठी.

डॉक्टरबाई स्वतः टेलरताईच्या घरी गेल्या. तुमचं नाव अभ्यासातून काढायचं असेल तर काढते, म्हणाल्या. टेलरताई म्हणाली, "नाव काढू नका. मी निघाले तर माझ्या पोरीचे अकरा दिवस मोजणार कोण?" हे तिने मला मागाहून सांगितलं, मशीनवर शिवण घालता घालता.

तू दिवस भरून आलीस, तीन किलोची. दोन वर्षांनी आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून निकाल सांगितला. चारशे जोडपी होती. एक ठेवून आणि गरज पडली तर नंतर दुसरा ठेवून, बाळ घेऊन घरी गेलेल्या बायका जवळजवळ तितक्याच निघाल्या. जुळी मात्र अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि आधी जन्मलेली बाळंही फार कमी. बाई हसल्या नाहीत. खाली वाकून नमस्कार केला आणि एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून आपण एकच ठेवायचा." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तू माझ्या मांडीवर होतीस आणि टेलरताई माझ्या पुढच्या रांगेत. आमच्या दोघींच्या चिठ्ठ्या एकाच सकाळी, एकाच कॉम्प्युटरने काढल्या होत्या. तिच्या पाठीकडे बघायचा मला धीर होईना, तेवढ्यात तिनेच हात मागे करून तुझा पाय हलवला.

तू चार वर्षांची असताना आम्ही गोठवलेल्याचाही प्रयत्न केला. तो राहिला नाही. तू एकटी का, असं तू विचारायचीस, त्याचं हे उत्तर.

इतकं सगळं मी लपवलं ते भीतीपोटी. तुला कुणी "प्रयोगातली मुलगी" म्हणेल आणि तुलाही ते खरं वाटेल, ही भीती. म्हणून दरवर्षी तुझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात टेप आणि वजनकाटा घेऊन येणाऱ्या उंचीमावशीला मी माझी शाळेतली मैत्रीण करून टाकलं. ती हॉस्पिटलच्या संशोधन विभागातली सिस्टर आहे. निकालानंतर त्यांनी विचारलं होतं, ही मुलं पुढे कशी वाढतात ते बघू का? मी हो म्हटलं. आपण घर बदललं त्या वर्षी आपला नवा पत्ता तिने तीन ठिकाणी विचारून काढला. अडीचशेच्या वर मुलं, आणि इतकी वर्षं ती एकेकाच्या दारात उभी राहते.

मागच्या महिन्यात, तू हॉस्टेलला गेल्यावर, ती येऊन गेली. टेप आणला नव्हता. म्हणाली, "अठरा पूर्ण झाली. आता तुमची सही चालत नाही. तिला विचारायचं. पण त्याआधी तिला सगळं माहीत हवं, आणि ते तुम्हीच सांगायचं." म्हणून हे पत्र. सोबतचा कागद तुझ्या नावाचा आहे. त्यावर दोन चौकोन आहेत, पुढे अभ्यासात राहायचं आणि राहायचं नाही. नाही म्हटलंस तर कुणी कारण विचारणार नाही, मीही नाही. टेलरताईच्या मुलीने तिचा कागद भरून पाठवला. काय भरलं ते मी विचारलं नाही. तू सावकाश वाच, रागवायचं असेल तर रागाव, आणि जे ठरवशील ते परस्पर त्यांनाच कळव. सोबतच्या कोऱ्या पाकिटावर हॉस्पिटलचा पत्ता घातला आहे, तिकीटही लावलं आहे.

तुझीच,
आई