काउंटरवरचा सामान्य मतदार

४ मे, शनिवार

सव्वीस वर्षांपूर्वी रेनेच्या आईच्या डायनरमध्ये, म्हणजे आता रेने चालवते त्या खानावळीत, मी आणि वॉल्टर सोबचॅक काउंटरवर शेजारी बसून बसची वाट पाहत होतो. बाहेर बर्फ. बस आलीच नाही. त्याने आपला अर्धा टोस्ट माझ्या बशीत सरकवला आणि पिट्सबर्गच्या नगरपालिकेला मनसोक्त शिव्या घातल्या. मी त्या लिहून घेतल्या. मुंबईला पाठवलेलं माझं पहिलं वार्तापत्र त्यांच्यावरच उभं राहिलं : 'इथला सामान्य मतदार म्हणतो...'

आज आठवायचं कारण, ऋजुताचा मेल. साप्ताहिकाची नवी संपादक, वय एकतीस. लिहिते, ग्रेसताई, कपात चालू आहे. २१ तारखेच्या नगरसेवकाच्या निवडणुकीचा अंदाज पाठवा. बरोबर आला तर पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष निवडला जाईपर्यंत तुम्हाला ठेवू. चुकला तर थांबू या.

कळवलं : काळजी नसावी. ज्याला गल्ली कळली, त्याला अमेरिका कळली.

उमेदवार दोन. मॅकगिल, चोवीस वर्षं नगरसेवक, वस्तीतली एकही अंत्ययात्रा न चुकवलेला. आणि ब्रूक, वस्तीत येऊन तीन वर्षं, सायकलवर फिरते. मी इथली नागरिक नाही, मला इथे मत नाही, म्हणूनच मी निष्पक्ष. (मॅकगिल माझ्या नवऱ्याच्या वेळीही आला होता. त्याचा इथे संबंध नाही.)

संकल्प : पन्नास घरं. निम्मी जुनी, निम्मी नवी. उद्यापासून.

७ मे, मंगळवार

रविवारी चर्चमध्ये मिस्सा, सोमवारी गुडघा. आज सुरुवात. या गल्ल्या चढावर बांधणाऱ्यांना गुडघे नसावेत.

पहिलं दार याब्लोन्स्कींचं. त्या घरात मी लग्नाचा केक खाल्ला आहे. दार एका अनोळखी तरुणाने उघडलं, कडेवर रेनकोट घातलेला कुत्रा. याब्लोन्स्की फ्लोरिडाला गेले म्हणे, दोन वर्षं झाली. मी म्हटलं, मी परदेशी वार्ताहर. तो म्हणाला, अरेरे, मला वाटलं तुम्ही कुत्र्याला फिरवायला आलात. पाणी मात्र दिलं. कुत्रा भुंकत होता, त्यामुळे मत विचारायचं राहिलं.

झालेली घरं : एक. उरलेली : एकोणपन्नास. वेग वाढवायला हवा.

११ मे, शनिवार

घरोघर जाणं ही जुनी पद्धत. नवी माणसं जिथे जमतात तिथे जायचं. पूर्वी हार्डवेअरचं दुकान होतं तिथे कॉफीचं दुकान झालं आहे. फळ्यावरच्या यादीत साधी कॉफी सापडेना. काउंटरवरच्या मुलीने 'आजी, तुम्हाला गरम आणि कडू हवंय ना?' असं विचारून सोडवणूक केली. तासभर बसले. सगळ्यांच्या कानात काहीतरी खुपसलेलं. मला राहून राहून खिळ्यांचा आणि जवसाच्या तेलाचा वास येत होता, चाळीस वर्षांची लाकडी जमीन तेवढी जुनी ठेवलीय.

निष्कर्ष : नवे लोक बोलत नाहीत. जे बोलत नाहीत ते मतही देत नाहीत. उरलेल्या चोवीस नव्या घरांचं काम वाचलं.

१५ मे, बुधवार

डायनर. जुन्या घरांच्या वतीने वॉल्टरला विचारलं. वॉल्टर काही कुणी ऐरागैरा नाही, तीस वर्षं बसच्या कारखान्यात वेल्डर होता, या वस्तीची नाडी त्याच्या मनगटात आहे. अंड्यावर मिरपूड घालत म्हणाला, मॅकगिलच गं ग्रेसी. दोनास एक. लिहून घे.

रेने कॉफी ओतता ओतता म्हणाली, बाई, तू सव्वीस वर्षं याच म्हाताऱ्याला विचारतेस. कधी मलाही विचार. मी ब्रूकला देणार आहे. माझ्या मागच्या गल्लीतलं तुंबलेलं गटार तिने दोन फोनमध्ये मोकळं करून घेतलं, मॅकगिलला मी नऊ वर्षं सांगतेय.

वॉल्टर म्हणाला, तुला कोण विचारतंय, पोरी, माझा टोस्ट जळतोय तो बघ.

रेनेचा गटाराशी वैयक्तिक संबंध असल्याने तिचं मत धरलं नाही. अंदाज पाठवला : मॅकगिल, दोनास एक.

१८ मे, शनिवार

वॉल्टरची खुर्ची गेली. घरासमोर गाडीची जागा राखायला रस्त्यात स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवतात, ही इथली रीत. ती खुर्ची पोलीससुद्धा हलवत नाहीत. नव्या शेजारणीला वाटलं टाकून दिलीय. घरी नेऊन निळा रंग दिला, वर कुंडी ठेवली. कळल्यावर रडकुंडीला येऊन परत आणली, सोबत लिंबाचा केक. वॉल्टर म्हणतो, केक चांगला होता.

पण मला त्यात खोल असंतोष दिसतो. मॅकगिल तिनास एकही होईल.

२१ मे, मंगळवार, दुपारी

वॉल्टर मत देतो आहे, असं दृश्य शेवटच्या वार्तापत्रात असावं म्हणून त्याला फायर स्टेशनवरच्या मतदान केंद्रात घेऊन गेले. वाटेत त्याने दोनदा बुटाची नाडी बांधली.

मतदारयादी घेऊन टेबलाशी स्टेला बसली होती, त्याच्या शाळेतली. म्हणाली, वॉल्ट, वाट चुकलास का? मी म्हटलं, नाव शोध. ती म्हणाली, शोधायचं काय त्यात, याने जन्मात कधी नाव नोंदवलेलं नाही. मी दर वर्षी नोंदणीचा अर्ज देते, हा त्यावर पत्ते खेळताना गुण लिहितो.

बाहेर बाकावर बसलो. मी विचारलं, मग इतकी वर्षं? तो म्हणाला, तू विचारायचीस, मी सांगायचो. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. तू यायची बंद होशील म्हणून बोललो नाही.

म्हणजे सव्वीस वर्षं अमेरिकेच्या निवडणुका त्या काउंटरवर मत नसलेल्या दोन माणसांनी ठरवल्या.

असो. अंदाज वेगळा, मतदार वेगळा. निकाल यायचा आहे.

२२ मे, बुधवार

ब्रूक. दोनास एक.

आकडा बरोबर होता, हे ऋजुताच्या नजरेस आणून द्यायला हवं.

२४ मे, शुक्रवार

ऋजुताचा फोन. स्पष्टीकरणाचे सात मुद्दे कागदावर काढून ठेवले होते. ती म्हणाली, ताई, कुठला अंदाज? मग म्हणाली, अय्या, तो. त्या पानावर कुकरची जाहिरात आली हो, छापलाच नाही. पद बंद करायचं तर मार्चमध्येच ठरलं होतं, मालकांनी परवा सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका.

म्हणजे अंदाज चुकला, असं कुठेही नोंदलेलं नाही.

वसईला बहिणीकडे जाते आहे. सहा महिन्यांसाठी. घरमालकाला मात्र घर सोडते असं कळवलं आहे, उगाच त्याचा घोळ नको. मागे राहील त्याचं रेनेने असं करावं :

लोकरीचा कोट स्टेलाला. फायर स्टेशनचं दार सारखं उघडं असतं.

नवऱ्याचा रेडिओ मॅकगिलला. आता त्याला घरी बसायचं आहे.

सुरमईच्या कालवणाचं मोठं पातेलं रेनेने ठेवावं. सूप चांगलं होईल.

कुंड्या, खुर्ची निळी रंगवणाऱ्या वॉल्टरच्या शेजारणीला. तिला मी मत विचारलं नाही, ते रेनेने विचारावं.

वह्या, एकूण एकोणीस, वॉल्टरला. जिथे जिथे 'सामान्य मतदार म्हणतो' असं आहे, तिथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. त्याचा चष्मा जुना झालाय, तेव्हा रेनेने वाचून दाखवावं, सावकाश. मध्येच तो 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणाला, तर त्याचं ऐकू नये.