दादाच्या गाडीचा दरवाजा

सूनबाई,

दादाच्या पत्राला उत्तर पाठवलं, असं मी तुला सांगितलं होतं, ते खोटं होतं. 'गाडी नीट पोचली का?' एवढंच त्यानं विचारलं होतं. चाळीस वर्षं जिवापाड जपलेली गाडी त्यानं मला, धाकट्या भावाला, दिली आणि ती जहाजातून उतरली डावा दरवाजा चेपलेला घेऊन. हे कोणत्या तोंडानं कळवणार? पाच महिने गप्प बसलो. मी रुसलो, असंच तो समजला असेल.

त्यात पुस्तकं बांधायची खळ आणि कागद लावून खड्डा बुजवायला गेलो. गॅरेजवाले मिस्त्री म्हणाले, "आजोबा, हा दरवाजा आहे, पुठ्ठा नाही!" सगळे हसले, तू हसली नाहीस. तीन रविवार तिथे उभी राहिलीस आणि जुना रंग हुबेहूब जुळेपर्यंत हटली नाहीस. काल हात फिरवून पाहिला, चेपलेली जागा मलाच सापडेना.

समोर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून हे लिहून ठेवून वाचनालयात जातोय. जेवायला येईन.

आता दादापासून सगळं लपवताही आलं असतं. पण मग तू काय केलंस, ते त्याला कधीच कळलं नसतं. म्हणून सगळं खरं लिहिलं आणि पत्र आत्ताच टपालपेटीत टाकून आलो.

बाबा