आजोबांच्या झाडांची कॉफी

सान पेद्रो सुला

बाबा,

तुमच्या डेल्मीचा दोघांना नमस्कार. मी बरी आहे. दिवसभर कॉफी चाखणाऱ्यांचे कप धुऊन हात सोलवटतात, एवढंच. आईचा खोकला थांबला का?

आज एका कपापाशी कंपनीचे मोठे साहेब थबकले. "मध आणि संत्रं! कुणाची ही?"

नमुन्यांच्या यादीत तुमचं नाव निघालं. मी म्हटलं, "माझ्या बाबांची. आजोबांनी लावलेली झाडं आहेत."

"मग सांग त्यांना पोरी, त्या झाडांना हात लावू नका म्हणावं. अशी चव नव्या रोपांना येत नाही."

पण तांबेऱ्याने पानं गळाली म्हणून ती झाडं या आठवड्यात तोडणार, असं तुम्हीच लिहिलंत.

थांबा, बाबा. आणि तोडून झाली असतील, तर मला कळवू नका.

तुमची थकलेली लेक,
डेल्मी